प्रतीक्षा यादी, क्रमांक एक

"लाभ, दोन, तीन, चार..."

मेथीच्या जुड्या क्रेटमधून काढताना मावशी अशाच मोजायच्या. त्यांच्या मोजणीत एक नव्हताच. पहिल्या जुडीला 'लाभ' म्हणायचं आणि पुढे सरळ दोनावर जायचं. खळ्यावर धान्य मापताना हे तुम्हीही ऐकलं असेल. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत ते रोज सकाळी पावणेसातला ऐकू यायचं. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, म्हणजे मोजणं हेच माझं काम. एकदा मी त्यांना म्हटलं, "मावशी, आमच्या ऑडिटरनं हे ऐकलं तर विचारेल, एक कुठे गेला?"

"एक म्हणलं की ते एकटं पडतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पण कारखान्यात लाभ म्हणून बघा, भाऊ. पगार वाढंल."

त्या मखमलाबादहून यायच्या. घरचा दीड एकर मळा, त्यात पालेभाजी आणि थोडी शेवंती. मुलगा मोटारसायकलवर दोन क्रेट बांधून त्यांना आमच्या गेटपाशी सोडायचा आणि मळ्यात परत जायचा. वय साठीच्या आसपास. थंडीत कानाला घट्ट मफलर, आणि उजव्या अंगठ्याला शेपूचा हिरवा डाग. तो डाग बाराही महिने असायचा.

त्यांची एक पद्धत होती. वॉचमनच्या केबिनशेजारी एक कट्टा आहे. सकाळी झोपेत खाली उतरायचं, आपली पिशवी कट्ट्यावर ठेवायची आणि चहा प्यायला वर निघून जायचं. पिशव्यांचा क्रम तोच माणसांचा क्रम. कोण आधी आलं यावरून कुणी वाद घातला की मावशी मान वर न करता म्हणायच्या, "मला नका सांगू. पिशवी सांगंल."

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणतात. वहिनी नेहमी उशिरा यायच्या आणि दुरूनच बोलायला लागायच्या, "मावशी, मला फक्त कोथिंबीर हवी हो, पटकन द्या."

"वहिनी, कोथिंबीर पण रांगेतच उगवती."

लोक हसायचे. वहिनीही हसायच्या. पिशवी मात्र शेवटीच ठेवावी लागायची.

मीही यातून सुटलो नाही. एकदा पहिल्या शिफ्टची बस चुकेल म्हणून मी आसपास कुणी नाही असं बघून माझी निळी पिशवी दोन घरं पुढे सरकवली. मावशी पाठमोऱ्या बसून पालक निवडत होत्या. बाटलीतलं पाणी प्यायल्या, उठल्या, माझी पिशवी उचलून होती तिथे ठेवली. "ही निळी चौथी होती," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी माझी बस गेली आणि मेथीही चौथ्या नंबरावरच मिळाली. मी रागावलो नाही. पकडला गेलेला माणूस रागावत नाही, तो गुपचूप सुट्टे पैसे शोधतो.

आता शाळेचं सांगतो.

आमच्या शहरात मुलांची एक जुनी शाळा आहे. नाव सांगत नाही. दगडी इमारत, पुढे मोठं मैदान, आत जिन्याजवळ गुणवंतांच्या नावांचे लाकडी फलक. माझे वडील तिथे शिकले, मी शिकलो, माझा मोठा मुलगा तिथे शिकतो. माझी बायको नाशिकचीच. ती म्हणते, "तुमच्या शाळेत जन्माच्या आधीच अर्ज भरावा लागतो. आम्ही मुली तर त्या मैदानात नुसत्या क्रीडादिनाच्या टाळ्या वाजवायला." मी हे विनोद म्हणून ऐकत आलो होतो.

मावशींचा नातू महापालिकेच्या शाळेत चौथीत होता. सुट्टीच्या दिवशी आजीबरोबर यायचा आणि गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडी करून सांगायचा. मावशींच्या डोक्यात एकच होतं. पाचवीला तो त्या शाळेत गेला पाहिजे. कारण मी विचारलं.

"याचा बाप आठवीपर्यंत तिथंच गेला, भाऊ. मग ह्याच्या आजोबांना विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसला, ते अंथरुणाला खिळले. पोराला मळ्यात उतरावं लागलं. पण बघा, बँकेत गेला की साहेबाच्या डोळ्यात बघून बोलतो. बाकीचे आमचे भाऊबंद दाराशी उभे राहतात. तेवढं चार वर्षांत शिकला. हा सहा वर्षं शिकला तर?"

अर्ज मी भरला, आमच्या जेवणाच्या टेबलावर, एका रविवारी. मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. एक रकाना होता: 'पालक या शाळेचे माजी विद्यार्थी आहेत का?' खाली बारीक अक्षरांत टीप: 'या शाळेतून दहावी उत्तीर्ण झालेलेच माजी विद्यार्थी समजले जातील.' मी टीप दोनदा वाचली आणि 'नाही' लिहिलं.

"नाही कसं?" मावशी म्हणाल्या. "चार वर्षं गेलाय की तो. फळ्यावर नाव नसंल, पण हजेरीत असंल ना?"

"नियम आहे, मावशी. खोटं लिहिलं तर अर्जच बाद होईल."

"मग नका लिहू खोटं." त्यांनी अर्ज स्वतःकडे ओढला. "नियम सगळ्यांना सारखाच असतो ना पण?"

"हो," मी म्हणालो. चांगलं ठणकावून म्हणालो.

ती टीप मी नंतर पुष्कळदा आठवली. शाळा मध्येच कोण सोडतं? ज्याचा बाप अंथरुणाला खिळतो तो सोडतो. ज्याच्या घरी दुसरे हात नाहीत तो सोडतो. माझ्या वडिलांना धडधाकट तब्येत होती आणि सरकारी नोकरी होती, म्हणून मी दहावीपर्यंत पोहोचलो. तेवढ्यावर मी माजी विद्यार्थी, आणि माझ्या मुलाला दार उघडं. मावशींच्या मुलाला शाळा सोडावी लागली, याची शिक्षा त्याच्या मुलाला. ही टीप लिहिणाऱ्याला असं वाटलंही नसेल की तो काही अन्याय लिहितो आहे. त्याला वाटलं असेल, आपण व्याख्या लिहितो आहोत.

शाळेच्या हॉलमध्ये सोडत होती. मावशी इस्त्रीची साडी नेसून, मुलाला आणि नातवाला घेऊन आल्या. त्या सकाळी आमच्या कट्ट्यावर पिशव्या तशाच पडून राहिल्या. व्यासपीठावर पारदर्शक प्लास्टिकचा ड्रम होता, त्यात चिठ्ठ्या. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यानं भाषण केलं. "आमच्याकडे वशिला चालत नाही. सर्वांना समान संधी." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मागे फलकावर जागांची विभागणी लावली होती. पाचवीच्या जागा एकशेवीस. बहात्तर शाळेच्याच प्राथमिक विभागातल्या मुलांना. अठरा माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना. अठरा व्यवस्थापन आणि कर्मचाऱ्यांच्या. उरल्या बारा, त्या सोडतीला. ड्रममध्ये चिठ्ठ्या होत्या तीनशे चाळीस. म्हणजे समान संधीचं भाषण बारा जागांपुरतं होतं. बाकीच्या एकशे आठ जागांना भाषण लागत नव्हतं आणि ड्रमही लागत नव्हता. मी इतकी वर्षं मोजमाप करतो, पण हा फलक मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. माझ्या मुलाच्या वेळी वाचायची गरज पडली नव्हती.

बारा नावं निघाली. मावशींच्या नातवाचं नव्हतं. मग प्रतीक्षा यादीच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या आणि पहिलीच चिठ्ठी त्याची निघाली.

मावशी खुर्चीवरून उठल्या. "पहिला नंबर!"

हॉलमध्ये हशा पिकला. त्यांना कळलं नाही लोक का हसले. रांगेत पहिला म्हणजे यानंतर आपलाच नंबर, दुसरा अर्थ त्यांना माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी कट्ट्यावरच्या प्रत्येक पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी फुकट टाकली. वहिनींच्याही. "नातू रांगेत पहिला हाय," असं प्रत्येकाला सांगितलं.

हॉलमध्ये तीन तास बसल्या होत्या तेवढ्यात त्यांनी नंबर लागलेल्या मुलांच्या आयांशी ओळखी करून घेतल्या होत्या, फोन नंबर घेतले होते. मे महिन्यात एक दिवस मला म्हणाल्या, "भाऊ, दोन जागा सुटल्या. एकीच्या मालकांची नागपूरला बदली झाली. दुसरीनं पोराला घराजवळच घातलं. दोघींनी फोन करून सांगितलं मला. आता येईल बोलावणं."

दर सोमवारी भाजी संपली की त्या शाळेच्या कार्यालयात जायच्या. हेडक्लार्क म्हणायचे, "यादी हलली की फोन करू." मावशी परत येऊन मला सांगायच्या, "अजून हलली नाय." जणू यादी म्हणजे एखादी मालगाडी आहे आणि पुढचा सिग्नल लाल आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. त्याच आठवड्यात वहिनी पेढ्यांचा बॉक्स घेऊन खाली आल्या.

"घ्या मावशी, तोंड गोड करा. नातवाला ॲडमिशन मिळाली." आणि शाळेचं नाव सांगितलं.

मावशींनी पेढा तळहातावर घेतला. "अगंबाई. सोडतीत तर दिसला नाय तो."

"सोडतीत कशाला? यांनी फोन केला ना. आमचा मुलगा तिथलाच, माजी विद्यार्थी."

वहिनींचा मुलगा माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होता. सहावी आणि सातवी, दोन वर्षं. मग बाहेरगावी बोर्डिंगला गेला. दहावी सोडा, आठवीच्या बाकावरही तो तिथे बसलेला नाही.

"कितवा नंबर लागला?" मावशींनी विचारलं.

"नंबर वगैरे काही नसतं हो त्यात."

वहिनींच्या बोलण्यात कपट नव्हतं. लपवण्यासारखं काही आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. मला जास्त संताप त्याचाच आला. चोरी करणारा निदान इकडेतिकडे बघतो.

मावशींनी पेढा क्रेटच्या कडेला कागदावर ठेवला. वहिनींची पिशवी पाचवी होती. त्यांनी पहिल्या चार पिशव्या भरल्या, मग पाचवी भरली. कोथिंबीर निवडून दिली, कमी नाही, जास्त नाही. आम्ही सहासात जण बघत उभे होतो. मला वाटत होतं, ती जुडी त्यांनी फेकावी. त्यांनी ती पाणी झटकून हातात दिली.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शाळेत गेलो. सूचना फलकावर पाचवीची अंतिम यादी होती. प्रत्येक नावापुढे मुलगा कोणत्या गटातून आला ते एका अक्षरानं लिहिलं होतं. मी बोट ठेवून मोजलं, मग परत मोजलं. प्राथमिक विभागातले बहात्तर. व्यवस्थापनाचे अठरा. माजी विद्यार्थ्यांचे वीस. सोडतीतले दहा. बेरीज एकशेवीस, अगदी बरोबर. बेरीज बरोबर असली की कुणी आत बघत नाही. सोडतीतल्या सुटलेल्या दोन जागा शेजारच्या गटात गेल्या होत्या. आमच्या कारखान्यात एका खणातला माल चिठ्ठीशिवाय दुसऱ्या खणात गेला तर माणसाची नोकरी जाते.

हेडक्लार्कनी मला ओळखलं. चहा मागवला.

"दोन जागा सोडतीच्या होत्या," मी म्हणालो. "प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाला का नाही बोलावलं?"

"यादी आहे हो. पण तुम्ही आपले माणूस म्हणून सांगतो, वरून फोन आला की यादी काय करणार?"

"आमच्या अध्यक्षांच्या नातवाला घेतलंत, त्याचा बाप दहावी इथून झालेला नाही. तुमचीच टीप आहे."

"आता तेवढं कोण बघतं?"

"मी बघितलं. मी एका अर्जावर 'नाही' लिहिलं, ती टीप वाचून."

ते हसले. "तुम्ही फारच काटेकोर बुवा. आणि दर सोमवारी येतात त्या बाईंचं काय, त्यांना कुठलीही शाळा चालेल. आपल्या मुलांचं तसं नसतं." मग चहाचा कप माझ्याकडे सरकवत त्यांनी विचारलं, "तुमचा मोठा आठवीत ना आता? तो आला तेव्हा सोडतीत होता का?"

मी कप उचलला. तो चहा मी पूर्ण प्यायलो, हे सांगायला लाज वाटते, पण प्यायलो.

मावशींना सांगायचं काम माझंच होतं. त्या पालकाची मुळं कापत होत्या. ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या नातवाची जागा वहिनींच्या नातवाला गेली."

"दोन जागा होत्या. एक त्याला गेली."

"अन् दुसरी?"

"नाव माझ्या ओळखीचं नाही."

"असंल कुणाच्या तरी वळखीचं," त्या म्हणाल्या आणि पुढची जुडी उचलली.

त्यानंतर आठवडाभरात त्या यायच्या बंद झाल्या. नातवाला म्हसरूळकडच्या एका शाळेत घातलं होतं. आमची सोसायटी नदीच्या अलीकडे, ती शाळा पलीकडे, उलट दिशेला. शाळा सकाळी सातची. पावसाळ्याची कामं सुरू झालेली, मुलाला सकाळी मळा सोडता येईना, त्यामुळे पोराला सोडायचं काम आजीकडे. एका माणसाला एका वेळी दोन्हीकडे जाता येत नाही.

आमच्याकडे आता मोबाइलवरून भाजी येते. प्लास्टिकच्या डब्यात मोजून बारा काड्या कोथिंबीर. एकदा लिफ्टमध्ये वहिनी म्हणाल्या, "मावशी दिसत नाहीत हल्ली. काय छान भाजी असायची."

मी म्हणालो, "तुमच्या नातवानं त्यांच्या नातवाची जागा घेतली. म्हणून दिसत नाहीत."

वहिनींचा चेहरा उतरला. "आम्ही रीतसरच घेतली हो." त्यांचा मजला आला, त्या गेल्या. तेव्हापासून अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत. चालेल.

मी शिक्षणाधिकाऱ्यांना तक्रार लिहिली. दीड पान. जागा किती जाहीर केल्या, किती भरल्या, कोणत्या गटातून, टीप काय म्हणते, ती कुणी मोडली. विशेषण एकही नाही. प्रतीक्षा यादीतल्या मुलाच्या घरच्या कुणाची तरी सही हवी होती, म्हणून एका शनिवारी स्कूटर काढून म्हसरूळला गेलो.

शाळेच्या फाटकासमोर गोणपाट टाकून मावशी बसल्या होत्या. श्रावण होता, शेवंतीचे वाटे लावले होते. मला बघून हसल्या. "भाऊ, इतक्या लांब मेथीसाठी?"

मी तक्रारीचा अर्ज वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग विचारलं, "यात तुमच्या पोराचं कुठं लिहिलंय?"

"माझ्या मुलाचं काय? तो नियमात बसतो, मावशी. मी तिथून दहावी पास आहे."

"बसतो ना. मग लिहायला काय हरकत?"

मी समजावायला लागलो. तक्रार नियम मोडल्याची आहे, माझ्या मुलाच्या वेळी नियम मोडला नव्हता, दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सगळं खरं होतं. मावशी फुलांवर पाणी शिंपडत होत्या.

"वहिनींचं नाव काढलं अन् तुमचं झाकलं," त्या म्हणाल्या. "मग ही पण त्या शाळेच्या यादीसारखीच झाली, भाऊ. मी नाय सही करायची."

मी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवला आणि खाली लिहिलं: 'माझा मोठा मुलगा माजी विद्यार्थी गटातून प्रवेश घेऊन शिकत आहे. तो सोडतीत नव्हता. हा गटच बंद करावा, अशी माझी मागणी आहे.' वाचून दाखवलं.

"अन् धाकटा?"

धाकटा तेव्हा घराजवळच्या शाळेत तिसरीत होता. त्याच्याबद्दल मी कुणाशी बोललो नव्हतो, बायकोशीही नाही. मनातल्या मनात मात्र त्याचा अर्ज कधीच भरून ठेवला होता, त्या रकान्यात 'होय' लिहून. मी कागद सीटवर पुन्हा सपाट केला. मग आणखी एक ओळ लिहिली: 'धाकट्या मुलासाठी मी या गटातून अर्ज करणार नाही.'

मावशींनी पदराला हात पुसले आणि पेन घेतलं. बचत गटात सही शिकल्या होत्या. एकेक अक्षर वेगळं, मोठं, ओळीच्या बाहेर जाणारं.

तेवढ्यात शाळा सुटली. मुलं-मुली बाहेर लोटली. नातू आला, दप्तर गोणपाटावर टाकलं आणि सीटवरचा कागद मोठ्यानं वाचायला लागला. शेवटच्या ओळीशी थांबला.

"काका, मग त्याची चिठ्ठी निघालीच नाही तर?"

मी कागदाची घडी घालायला लागलो. उत्तर आजीनं दिलं.

"तर इकडं येईल. ही काय शाळा नाय का?"

मग त्यांनी उरलेली फुलं ओल्या फडक्यात बांधली, एक हात नातवाच्या खांद्यावर ठेवला आणि रस्ता ओलांडून बस थांब्याकडे निघाल्या. बस आली तेव्हा लोकांनी दाराशी एकच गर्दी केली. मावशी थांबल्या. पुढचे सगळे चढू दिले, आणि आपली पाळी आल्यावर नातवाला आधी वर चढवलं.

तक्रारीची पोच माझ्याकडे आहे, शिक्का आणि आवक क्रमांकासह. उत्तर आलेलं नाही. मी दोनदा स्मरणपत्र पाठवलं आहे. धाकटा आता चौथीत आहे. पुढच्या महिन्यात अर्ज निघतील.